लीडआप्पा

आप्पा माणूस बघत नाहीत, उंबरा बघतात. एसटी स्टँडसमोरून कुणाचा पोरगा हातात पिशवी घेऊन चालला, तर तुम्हाआम्हाला पोरगा दिसतो, पिशवी दिसते, फार तर पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी दिसते. आप्पांना सात दिसतात. थोरल्या भावाकडची चार आणि धाकट्याकडची तीन. बांधावरून दोघा भावांचं वाजल्यामुळं ही सात मतं एका चिन्हावर पडत नाहीत, हेही पोरगा रस्ता ओलांडेपर्यंत त्यांना आठवून झालेलं असतं.

तालुक्यातल्या बाजाराच्या प्रत्येक गावात असा एक गृहस्थ असतोच. कुठं तो निवृत्त ग्रामसेवक असतो, कुठं सोसायटीचा सचिव, कुठं सलूनवाला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात तो साखर कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झालेला चिटबॉय आहे. कुणाचा ऊस किती एकर, नोंद कुणाच्या नावावर, तोड कधी आणि ती लांबली तर का लांबली, हे चिटबॉयला तोंडपाठ लागतं. तोड का लांबली हे ज्याला कळलं, त्याला आमच्या भागातलं राजकारण वेगळं शिकावं लागत नाही. नोकरीत जमवलेलं हे ज्ञान आप्पांनी निवृत्तीनंतर मतदारयाद्यांकडं वळवलं, आणि गावानं त्यांच्या नावापुढं 'लीड' लावलं.

पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी, खिशाला एक पेन आणि एक पेन्सिल. पेन सही करायला, पेन्सिल माणसांसाठी. काखेत यादी. यादीतल्या प्रत्येक नावापुढं खूण असते: बरोबर, फुली किंवा शून्य. बरोबर म्हणजे वाड्याचा माणूस, फुली म्हणजे बंगल्याचा. वाडा आणि बंगला हे आमच्या गावातले दोन गट. पक्ष त्यांच्याकडं येऊन-जाऊन असतात. शून्य म्हणजे लक्ष्मीदर्शनाशिवाय न हलणारा. मतदानाच्या आदल्या रात्री ही शून्यं फार भाव खातात.

आप्पांना मयतीला बघावं. सावडायला नदीवर अख्खं गाव जमलेलं, कुणी गेलेल्याचा स्वभाव काढतंय, कुणी त्याचा बैल काढतंय. आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "प्रभाग चार. पर नाव यादीत अजून दोन इलेक्शनं ऱ्हातंय बगा, मास्तर." लग्नात अक्षता टाकतानाही हेच. सहाव्या प्रभागातली पोरगी दुसऱ्या प्रभागात दिली, म्हणजे तिचं मत गेलं. पण तिच्या बापाला आता व्याह्याचा शब्द मोडता यायचा नाही, म्हणजे पाच आली. आहेराच्या यादीपेक्षा ही यादी आधी पुरी होते.

शहरातून कुणी पत्रकार येतो. निवडणूक आली की एक गाडी येतेच. तो विचारतो, "इथला कल कुठं आहे? डावीकडं की उजवीकडं?" आप्पा प्रामाणिकपणे उत्तर देतात, "दोन्हीकडं. डाव्या कालव्याला आवर्तन येळंवर सुटलं तर डावीकडं, उजव्याला सुटलं तर उजवीकडं." पत्रकाराला वाटतं म्हातारा चेष्टा करतोय. म्हातारा चेष्टा करत नाही. धोम धरण झाल्यापासून या भागात डावं-उजवं या शब्दांना दुसरा अर्थ राहिलेलाच नाही.

तरीही पत्रकाराने खोदून विचारलं, तर आप्पा इतिहास काढतात, आणि तो ऐकण्यासारखा असतो. 1957 साली याच मुलखानं संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत क्रांतिसिंह नाना पाटलांना लाल बावट्यावर लोकसभेत धाडलं. 1980 साली राज्यभर इंदिराबाईंचा जोर, तर साताऱ्यानं दुसऱ्या काँग्रेसमधून उभ्या राहिलेल्या यशवंतरावांना निवडून दिलं. 1996 ला इथून शिवसेनेचा खासदार झाला. कट्टर काँग्रेसवाले जिल्हे म्हणून ज्यांची नावं घेतात त्यांत सातारा वरच्या ओळीत असताना झाला. 1999 ला घड्याळ आलं. पत्रकार लिहून घेतो: मतदार वैचारिकदृष्ट्या अस्थिर. आप्पा म्हणतात, "अस्थिर कशाचं? समदी एकाच कट्ट्यावर बसून व्हती."

पण आप्पांचा आवडता विषय 2019. एप्रिलच्या मतदानात उदयनराजे घड्याळावर सव्वा लाखाच्या वर मताधिक्यानं खासदार झाले. सप्टेंबरात राजीनामा देऊन कमळात गेले. 21 ऑक्टोबरला पोटनिवडणूक लागली, त्याच दिवशी विधानसभेचीही. अठराला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले, तो फोटो अजून आमच्या सलूनच्या आरशाशेजारी आहे. आणि त्याच उदयनराजेंना त्याच मतदारांनी सहा महिन्यांत 87 हजारांवर मतांनी पाडलं. एका खोलीत दोन मशिनं, एक लोकसभेचं, एक विधानसभेचं. माणसं पहिल्या मशिनावर एका पक्षाला आणि दोन पावलं पुढं जाऊन दुसऱ्या मशिनावर दुसऱ्याच पक्षाला मत देऊन बोटावरची शाई वाळवत बाहेर आली. शेजारच्या सातारा शहरात विधानसभेला कमळ आलं, ते असंच. शिकलेले लोक याला गोंधळ म्हणाले. आप्पांच्या मते त्या दिवसाएवढं चोख मतदान त्यांनी जन्मात बघितलं नाही. "वरचं मत वर, खालचं मत खाली. ज्येला जे द्यायचं ते दिलं. ह्यात पक्ष आला कुटं?"

2024 च्या लोकसभेनं मात्र त्यांना आजारी पाडलं. घड्याळ पुतण्याकडं गेलेलं, काकांना नवं चिन्ह मिळालेलं: तुतारी वाजवणारा माणूस. आप्पांनी उंबरा न् उंबरा मोजला, खुणा केल्या, बेरीज मारली. 4 जूनला निकाल आला, तेव्हा तुतारीवाल्या माणसाचा उमेदवार 32 हजार 771 मतांनी पडला आणि नुसत्याच पिपाणीसारख्या दिसणाऱ्या चिन्हावरच्या एका अपक्षाला 37 हजार 62 मतं पडली होती. त्या अपक्षाला आमच्या गावात कुणी ओळखत नव्हतं. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी तपास सुरू केला. आमच्या आळीतल्या एका आज्जीला मशीनचा कागदी नमुना दाखवून विचारलं, "बोट कुठं ठेवलंस?" तिनं ठामपणे पिपाणीवर ठेवलं. "आगं, माणूस कुटाय त्यात?" आज्जी म्हणाली, "वाजवनारा कशाला पायजे? वाजल्याशी मतलब." आप्पांनी यादीत चौथी खूण सुरू केली, ती त्या दिवशी. बरोबर, फुली, शून्य आणि पिपाणी. म्हणजे मन आपल्याकडं, बोट भलतीकडं.

त्यांच्या शास्त्राचा पाया काय, हे एकदा त्यांनीच सांगितलं. पूर्वी कागदी मतपत्रिका असताना मोजणीच्या आधी निरनिराळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळायचे. कुठल्या वस्तीनं कुणाला दिलं याचा पत्ता लागायचा नाही. मशीन आलं आणि मिसळणं संपलं. आता शाळा नंबर दोन, खोली नंबर तीन, अमुक इतकी मतं, हे छापील कागदावर मिळतं. एका खोलीला हजार-बाराशे मतदार, त्यातले निम्मे एकाच आडनावाचे. सगळी मशिनं एकत्र जोडून नुसती बेरीज दाखवणारं यंत्र आणावं, असं निवडणूक आयोगानंच मागं सुचवलं होतं, ते राहून गेलं. "त्ये यंत्र आलं असतं तर मी उपाशी मेलो असतो," आप्पा म्हणतात. आप्पा उपाशी मेले नाहीत, पण आमच्या खालच्या आळीचं गटार एका पंचवार्षिकात बांधायचं राहिलं. त्या खोलीतनं वाड्याला लीड नव्हतं. वरच्या आळीला पेव्हर ब्लॉक दोनदा बसले.

आजूबाजूच्या ग्रामपंचायतींचं आप्पांना फारसं कौतुक नाही. तिथं पक्षाचं चिन्हच नसतं, नुसतं पॅनेल. निकाल लागला की सगळे पक्ष आपापले सरपंच मोजतात आणि सगळ्यांची बेरीज गावांच्या संख्येपुढं जाते. बेरीज चुकलेली आप्पांना बघवत नाही.

आता त्यांचं एक दुखणं सांगितलं पाहिजे. आप्पांची यादी 'कर्त्या'वर चालायची. घरातला कर्ता गाठायचा, त्याचा शब्द घ्यायचा, घरातली मतं त्याच्या नावावर लावायची. कारखान्यात ऊसनोंद अशीच असते. मग 2024 च्या उन्हाळ्यानंतर लाडक्या बहिणीचे महिन्याचे दीड हजार थेट बायकांच्या खात्यात पडू लागले, आणि नोव्हेंबरात विधानसभा आली. आप्पांनी नेहमीप्रमाणं कर्ते विचारले. कर्त्यांनी नेहमीप्रमाणं शब्द दिले. सातारा जिल्ह्यातल्या आठच्या आठ जागा महायुतीकडं गेल्या, त्यात आप्पांच्या यादीनं निवडून आणलेले दोन-तीन दिग्गज आडवे झाले. नुसते दीड हजार रुपये हे कारण नव्हतं, हे आप्पाही मानतात. पण यादीत बायकांचा रकाना नव्हता, एवढं खरं.

रकाना आखल्यावर तो भरायला आप्पा बाजारात भाजीवाल्या मावशींकडं गेले. मी गवार निवडत शेजारी उकिडवा बसलो होतो.

"मावशी, यंदा कुनाकडं?"

"तुमी सांगशिला तिकडं, आप्पा."

आप्पांनी पेन्सिल काढून काहीतरी टिपलं आणि पुढं गेले. थोड्या वेळानं बंगल्याचा कार्यकर्ता आला. मावशी त्यालाही म्हणाली, "तुमी सांगशिला तिकडं, दादा." मी हसलो, तसं मावशीनं तराजूत दोन शेंगा जादा टाकल्या आणि म्हणाली, "हसताय काय मास्तर? आप्पाला सांगितलं म्हंजी चावडीवर बोर्ड लिवला. मला रोज हितंच बसायचंय. नगरपालिकेची पावती कोन फाडतं?"

हे मी आप्पांच्या कानावर घातलं. मला वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसेल. आप्पांनी यादी उघडून दाखवली. मावशीच्या नावापुढं त्यांनी लावलं होतं शून्य, आणि शून्यात बारीक फुली. "मास्तर, चाळीस वरसं ऊसनोंद घेतली. एकरी किती टन निगंल म्हनून इचारल्यावर खरं कोन सांगतंय?" मग त्यांनी मला भाषा शिकवली. 'तुमच्याच माणसाला' असं जो म्हणतो तो हमखास पलीकडचा. 'बघू' म्हणणाऱ्याचं महिन्यापूर्वीच ठरलेलं असतं. 'यंदा कुणालाच नाही' म्हणणारा सकाळी सात वाजता रांगेत पहिला असतो. देवाची शपथ घेणाऱ्यानं दोन्हीकडची पाकिटं घेतलेली असतात, कारण एकाच पाकिटाला शपथेची गरज पडत नाही. आणि जो आप्पांशी बोलायचंच टाळतो, रस्ता बदलून जातो, त्याच्यापुढं डोळे मिटून बरोबर करायचं; तो वाड्याचा जुना माणूस असतो आणि यंदा त्याला लाज वाटत असते.

"आणि तुमचं मत, आप्पा?" मी एकदा विचारलं.

"मतदान गुप्त असतं, मास्तर," आप्पा म्हणाले. एवढं शुद्ध मराठी त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकलं.

एक मात्र त्यांना उकलत नाही: चाकरमानी. पुण्याला, चाकणला, नवी मुंबईला असलेली पोरं. नाव यादीत इथं, पोट तिथं. येईल की नाही, आलं तर उमेदवाराच्या गाडीनं येईल की स्वतःच्या, आणि ज्याच्या गाडीनं येईल त्यालाच देईल की जेवून-खाऊन दुसऱ्याला देईल, कशाचाच भरवसा नाही. आप्पा अशांना अर्धं मत धरतात. त्यामुळं त्यांच्या बेरजेत कित्येकदा अमुक आळीला साडेतेहेतीसचं लीड असतं.

तर अशा तयारीनिशी आप्पा 2025 च्या नगरपालिकेला सामोरे गेले. निवडणुका कित्येक वर्षं तटलेल्या. कारभार प्रशासकाच्या हाती, त्यामुळं गावात भांडायला हक्काचं माणूस नाही. अखेर 2 डिसेंबरला मतदान झालं. प्रत्येकाला तीन मतं: एक थेट नगराध्यक्षाला, दोन प्रभागातल्या नगरसेवकांना. लोकांनी तीन ठिकाणची नाती तीन ठिकाणी निभावली. आप्पा रात्री बेरीज मारून झोपले. नगराध्यक्षपदाला वाडा 212 नं पुढं. ठरलेलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोजणी, अकराला गुलाल.

पण मतदानाच्या दिवशीच नागपूर खंडपीठानं हुकूम दिला. काही ठिकाणचं मतदान 20 डिसेंबरवर गेलेलं असल्यानं सगळ्यांचीच मोजणी 21 ला.

मशिनं कुलपात, आणि गाव एकोणीस दिवस मोकळं. गुलालाची पोती दुकानदार परत घेईना. डीजेवाला आगाऊ रकमेवरून भांडला. दोन्ही गटांनी स्ट्राँगरूमसमोर मांडव घालून रात्रीचा पहारा बसवला. थंडी वाढल्यावर दोन शेकोट्यांची एक झाली आणि पहारेकरी पत्ते खेळू लागले. या दिवसांत आप्पांना जो मान मिळाला, तो कारखान्याच्या चेअरमनला बॉयलर पेटवतानाही मिळत नाही. रोज सकाळी उमेदवार यायचे, चहा पाजायचे आणि आकडा विचारायचे. आप्पा यादी उघडायचे, टोपी मागं सारायचे आणि समोरच्याला झोप लागेल असं काहीतरी सांगायचे. एक उमेदवार तर फक्त 'तुमचं निघतंय' हे तीन दिवसाआड ऐकायला यायचा. त्याचं डिपॉझिट जाणार, हे आप्पांच्या वहीत पहिल्या दिवसापासून होतं. पण माणूस चहाबरोबर भजी सांगायचा.

मात्र 212 हा आकडा त्यांनी एकोणीस दिवसांत एकदाही बदलला नाही. वाड्यावर त्या भरवशावर फेट्याचं माप दिलं गेलं.

एकवीसला दुपारपर्यंत निकाल हाती आला. फरक 209 चा. विजयी, बंगला.

आम्हाला वाटलं, आप्पा आठवडाभर दिसायचे नाहीत. ते संध्याकाळी पाचला नेहमीच्या बाकड्यावर हजर. कपाळाला गुलाल, कुणी लावला हे विचारायची सोय नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली, "आकडा बगा की, मास्तर! दोनशेबारा म्हनलो, दोनशेनऊ निगालं. तीन मतांचा फरक. आख्ख्या म्हाराष्ट्रात काडून दावा असा अंदाज."

"पण आप्पा, बाजू चुकली."

"बाजू!" आप्पांनी हात झटकला. "बाजू काय, पाच वरसात दोनदा बदलती."

एवढ्यात आमच्याच प्रभागातून निवडून आलेला बंगल्याचा नवा नगरसेवक बुलेटवरून आला. अंगावर हार, मागं चार पोरं. आप्पांच्या पाया पडला, बाकड्यावर बसला, चहा सांगितला. मग हळूच म्हणाला, "आप्पा, खालच्या आळीत मला एकसष्ट मतं कमी हायत. तुमच्या यादीत समदं असतंय. कोन कोन फिरलं तेवढं सांगा."

बाकड्यावरची सगळी गप्प. त्यातले निदान तिघे खालच्या आळीचे होते आणि त्यांतला एक मी. मावशींचं घरही तिथंच. आप्पांनी यादी उघडली, जिभेला बोट लावून पानं उलटली, आमच्या आळीच्या पानावर थांबले. मला माझ्या नावापुढची खूण बसल्या जागेवरून दिसत होती. ती बरोबर होती, म्हणजे खूणही आणि अंदाजही. आप्पांनी पानावर तळहात ठेवला.

"आळीत फिरलं न्हाय कुनी. समद्यांनी तुलाच दिल्यात."

"मग एकसष्ट गेली कुटं?"

"ती भायेरची. पुन्याची."

"नावं तरी?"

"नावं कुटली? सकाळी ट्रॅव्हल्स आली, बटनं दाबली, वडापाव खाल्लं, गेली. तू त्ये गटाराचं बग आदी. एस्टिमेट किती धरलंय?"

नगरसेवक एस्टिमेटच्या मागं लागला. आप्पांनी यादी मिटून काखेत मारली आणि चहावाल्याला सांगितलं, हे बिल नगरसेवकसाहेबांच्या खात्यावर. सगळ्यांचं.